पॅकेजवाला पळवून लावायचाय?

तुम्ही वेळ मोजणारं डेस्कटॉप ॲप लिहिलंय. कामाला बसताना बटण दाबायचं, उठताना दाबायचं, महिनाअखेरीस तासांचा हिशोब तयार. झकास! आता धोका एकच. नागपुरात बसलेला कुणी रिकामटेकडा, म्हणजेच पॅकेजवाला, ते डेबियन नावाच्या लिनक्समध्ये घालायला निघेल आणि मग धरमपेठेतला कोणताही डिझायनर एका कमांडीत ते बसवून मोकळा होईल. हे टाळायचं असेल तर पुढचे उपाय करा. सगळे नुकतेच माझ्यावर करून झालेत, गुण हमखास.

लायसन्सची फाइल ठेवू नका. 'ओपन सोर्स आहे' एवढं कुठेतरी लिहिलं की पुरे. टायमर संपल्यावर वाजणारी घंटी मात्र 'व्यावसायिक वापरास मनाई' अशी अट असलेलीच निवडा. डेबियनच्या मुख्य भांडारात असली फाइल चालत नाही, त्यामुळे पॅकेजवाला एका टिंग आवाजासाठी तुम्हाला मेलवर मेल लिहीत बसेल. उत्तर देऊ नका.

बिल्ड, म्हणजे कोडपासून ॲप बनवणं, चालू असताना नेटवरून काहीतरी ओढाच. डेबियनच्या नियमात त्याला बंदी आहे, म्हणूनच.

सेटिंगची फाइल नेमलेल्या कोपऱ्यात न ठेवता होम फोल्डरच्या तोंडावर टाका.

चालू खिडकी कोणती, हे फक्त एक्स-इलेव्हनला, म्हणजे पडद्यावर खिडक्या मांडणाऱ्या जुन्या यंत्रणेला, विचारा. डेबियनमधलं ग्नोम हे डेस्कटॉप २०१९ पासून, म्हणजे डेबियन १० पासून, आपणहून वेलँड या नव्या यंत्रणेवर उघडतं आणि वेलँड एका ॲपला दुसऱ्याच्या खिडक्यांत डोकावू देत नाही. दिवसभर राबलेल्या माणसाच्या नोंदीत नुसतं 'अज्ञात' उमटेल. शिव्या पॅकेजवाल्याला पडतील, तुम्ही निवांत.

आता रामबाण. कोडवर ३.२ या आवृत्तीचा टॅग, म्हणजे खूणचिठ्ठी, लावा, गाजावाजा करा, पॅकेजवाल्याला टारबॉल, म्हणजे त्या कोडचं गाठोडं, उतरवू द्या. मग ट्रेमधला आयकन तिरका दिसतोय असं लक्षात आलं की तोच टॅग गुपचूप उचलून नव्या कमिटवर, म्हणजे बदललेल्या कोडवर, ठेवा. आकडा तोच. कुणी विचारलंच तर म्हणा, "काय फरक पडतो? एक आयकन तर बदलला."

फरक काय पडतो ते सांगतो. नागपूरचा मे महिना, पारा पंचेचाळीसला टेकलेला, कूलर नुसती गरम हवा फेकतोय आणि समोर पुन्हा उतरवलेल्या टारबॉलचा चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, जुळत नाहीये. याचे अर्थ दोनच: एक तर लेखक बेफिकीर आहे, नाहीतर मधे कुणीतरी हात मारलाय. कोणता अर्थ खरा, हे चेकसम सांगत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामचं काय झालं, आठवतं ना? गिटमध्ये, म्हणजे कोडच्या जाहीर नोंदवहीत, नसलेली बिल्डची एक फाइल टारबॉलात होती, तिच्यातून मागचं दार उघडलं आणि ते डेबियनच्या टेस्टिंग या चाचणी आवृत्तीपर्यंत पोचलंही. सापडलं कसं, तर एसएसएचच्या, म्हणजे दूरच्या मशीनवरच्या, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला खटकलं म्हणून. अर्धा सेकंद! वेळ मोजणं याला म्हणतात.

तर मी दोन्ही टारबॉल उघडले आणि ओळ न ओळ ताडून पाहिली. आयकन बदललेला होताच. पण त्याच्या खाली, माणूस जागेवर नाही असं मानायची मर्यादा ३०० सेकंदांवरून ६०० झालेली! म्हणजे सीताबर्डीतल्या एकाच ऑफिसात दोन मशीन, दोन्हीवर ३.२, आणि चहाला उठलेली सात मिनिटं एकीवर बिलात धरली जाणार, दुसरीवर कापली जाणार. गिऱ्हाईक विचारेल तेव्हा काय दाखवायचं, तिरका आयकन? आणि पहिला टारबॉल भांडारात चढला असता तर त्याच नावाने दुसरा तिथे घेतलाही नसता. काऊन रे भाऊ? आकडे संपले होते का? ३.२.१ लिहायला पैसे पडतात?

उपाय-बिपाय गेले खड्ड्यात. टॅग एकदा लावला की त्याला हात लावायचा नाही. चूक सापडली तर पुढचा आकडा लावा आणि काय बदललं ते चार ओळींत लिहा, अगदी मर्यादा बदलली हेसुद्धा. ज्याच्या बिलाचा हिशोब तुमच्या ॲपवर चालतो त्याला ते कळायलाच हवं. "लिनक्सवर वापरतं कोण" हे मला ऐकवू नका. कुणी वापरत नसतं तर मी इथे घाम पुसत बसलो नसतो.

मेल उघडा. घंटी बदला. ३.२.१ काढा, आजच.