आवडत्या देशाला आरोग्यसेवेत पहिला नंबर कसा मिळवून द्यावा

दोन देशांच्या आरोग्य व्यवस्थांची तुलना करायला बसलात, की निष्कर्ष आधी लिहून घ्या. आकडे नंतर गोळा करायचे असतात. उलट क्रमाने गेलात तर निकाल काय लागेल याचा नेम नाही.

आधी खर्च. अमेरिका जीडीपीच्या १७ टक्क्यांच्या आसपास खर्च करते, ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या गटाची सरासरी ९ च्या घरात. अमेरिकेचे वकीलपत्र घेतले असेल तर ‘श्रीमंत देश जास्त खर्च करणारच’ असे ठणकावून सांगा. स्वित्झर्लंडही श्रीमंत आहे आणि १२ टक्क्यांच्या आसपास भागवतो, हे कोणी विचारेपर्यंत बोलू नका.

टक्केवारी झटपट उतरवायची असेल तर आयर्लंडकडून शिका. २०१५ मध्ये बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली मालमत्ता कागदोपत्री तिथे हलवली आणि जीडीपी एका वर्षात सुमारे पाव हिश्शाने फुगला. छेद वाढला, आरोग्यखर्चाचा टक्का आपोआप खाली आला. आयरिश सांख्यिकी खात्याने लाजून वेगळे सुधारित राष्ट्रीय उत्पन्न मोजायला घेतले. तुम्ही लाजू नका. ब्रिटनमध्ये नेमके उलटे झाले: नव्या हिशेबपद्धतीत वृद्धांची दीर्घकालीन शुश्रूषा धरली गेली आणि खर्च जीडीपीच्या सुमारे एक टक्क्याने वाढलेला दिसला. अशा वेळी तळटीप छापायची नाही, एवढेच पथ्य.

परिणामांसाठी कर्करोगाचा पाच वर्षांचा जगण्याचा दर घ्या, म्हणजे निदानानंतर पाच वर्षे जिवंत राहणाऱ्यांची टक्केवारी. इतके लवचिक हत्यार दुसरे नाही. ६७ व्या वर्षी निदान झालेला माणूस ७० व्या वर्षी गेला, तर तो अपयशात जमा. त्याचीच ६० व्या वर्षी चाचणी केली, गाठ सापडली आणि तो ७० व्याच वर्षी गेला, तर यशात. आयुष्य एका दिवसाने वाढले नाही, दर मात्र शून्यावरून शंभरावर! ज्या संथ गाठींनी जन्मभर त्रास दिला नसता त्याही शोधून काढा. ते लोक या आजाराने मरणारच नसतात, त्यामुळे दर आणखी खुलतो. २००७ मध्ये न्यूयॉर्कचे माजी महापौर रूडी जुलियानी यांनी प्रोस्टेट कर्करोगात अमेरिकेत ८२ टक्के जगतात आणि ब्रिटनमध्ये ४४ टक्के, असे सांगितले. या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचा दर दोन्हीकडे जवळपास सारखाच होता. म्हणून तो दर मागूच नका. तो एकूण लोकसंख्येमागे काढतात, चाचण्या वाढवून फुगत नाही.

अर्भक मृत्युदरात गर्भधारणेच्या बावीस आठवड्यांच्या आतले जन्म कोणता देश नोंदवतो आणि कोणता सोडतो, हे बघायच्या फंदात पडू नका. सरासरी आयुर्मानाचेही तसेच. बंदुकीच्या गोळ्या, अपघात, अमली पदार्थ यांचे बळी सोयीप्रमाणे डॉक्टरांच्या माथी मारा, नाहीतर उतरवा.

प्रतीक्षायादी हवी असेल तर घड्याळ कधी सुरू होते ते आपणच ठरवा. इंग्लंडमध्ये उपचार सुरू होण्यासाठी ठरवलेले १८ आठवडे रेफरलपासून (तज्ज्ञाकडे पाठवल्यापासून) मोजतात, त्याआधी जीपीची (नेहमीच्या फॅमिली डॉक्टरची) वेळ मिळेपर्यंत गेलेले दिवस हिशेबात नसतात. आणि खर्चाच्या धास्तीने जो रांगेत आलाच नाही, त्याची प्रतीक्षा सर्वत्र शून्य. इतकी चोख कामगिरी कुठलेही रुग्णालय बांधून साधणार नाही.

एवढ्यानेही जमले नाही तर जागतिक आरोग्य संघटनेचा २००० चा अहवाल काढा. १९१ देश, आणि बक्षीस सगळ्यांना. एकूण कामगिरीत फ्रान्स पहिला, आरोग्याच्या पातळीत जपान, रुग्णांना दिल्या जाणाऱ्या वागणुकीत अमेरिका, खर्चाचा भार वाटण्यात कोलंबिया. अमेरिका एकूण यादीत ३७ वी. कोणत्या निकषाला किती वजन द्यायचे, हे ज्यांना विचारून ठरवले त्यांतले निम्मे संघटनेचेच कर्मचारी होते. यादी जुनी आहे म्हणून बिचकू नका. संघटनेने नंतर तशी क्रमवारी काढलेलीच नाही, तेव्हा सर्वांत ताजी तीच.