ग्रहण, तेल आणि आत वळलेली पावलं

परवा भावकीच्या ग्रुपवर हात जोडलेला एक मेसेज आला. बाळाचे पाय जन्मतः आत वळलेले असतील तर आईनं ग्रहण पाळलेलं नसतं. मोहरीचं तेल चोळा. तीन वर्षं प्लास्टर घालू देऊ नका, हाडं कोवळी असतात. सरकारी तपासणीत नाव दिलं की पोरावर अपंगाचा शिक्का बसतो, आणि लाखभर मोजल्याशिवाय इलाज होत नाही.

एरवी असलं काही मी न वाचताच पुसतो. पण तासगावच्या आमच्या वहिनीचं बाळ तेवीस दिवसांचं आहे, दोन्ही पावलं आत वळलेली, डॉक्टर ज्याला क्लबफूट म्हणतात तसली. हा मेसेज वाचून तिनं मिरजेच्या दवाखान्याची पहिली तारीख चुकवली.

ग्रहणाचं एका वाक्यात सांगतो. सासूनं तिला ग्रहणात सुईसुद्धा धरू दिली नव्हती.

आता हाडं. कोवळी असतात, अहो, म्हणूनच तर आत्ता! डॉक्टर पाऊल हळूहळू बाहेर वळवतात आणि बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात. आठवड्यानं ते काढून पाऊल आणखी थोडं वळवायचं, पुन्हा प्लास्टर. साधारण पाच-सहा प्लास्टरांत पाऊल जागेवर येतं. बहुतेक बाळांची टाचेमागची शीर (रक्ताची नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी) बारीक छेद देऊन सैल करावी लागते. पोन्सेटी नावाच्या डॉक्टरांची ही पद्धत जगभर चालते. पुढं मधे दांडी असलेले बूट, आधी जवळजवळ दिवसभर, मग झोपेत, चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. बूट कंटाळून सोडले की पाऊल परत वळतं, आणि मग लोक म्हणतात प्लास्टरनं काही होत नाही. तीन वर्षं थांबलात तर पोर वळलेल्या पावलाच्या कडेवर चालायला लागलेलं असतं आणि काम कितीतरी अवघड होतं.

एक कबूल करतो. काही बाळांचं पाऊल पोटातल्या अडचणीच्या जागेमुळं नुसतं मुडपलेलं असतं, बोटानं सहज सरळ होतं. ते आपोआप सुधारतं, आणि अशाच एखाद्या नातवाच्या जोरावर तेलाची कीर्ती पसरते. पण कुठलं पाऊल कसलं, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

शिक्का वगैरे बसत नाही. ही सरकारी तपासणी म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. तो २०१३ पासून आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, आणि वाकडं पाऊल त्याच्या यादीतच आहे. त्यातून पुढं पाठवलेल्या मुलाचा इलाज मोफत. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र वेगळं, तुम्ही मागितल्याशिवाय मिळत नाही.

लाखभर लागत नाहीत. पण जत तालुक्यातल्या पार पूर्वेच्या उमदीच्या माणसाला मिरजेला यायला दर आठवड्याला शंभर किलोमीटरच्या वर एसटी आणि बापाचा बुडालेला रोज लागतो, हे खरं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २५ वाचा. घराजवळ, विशेषतः खेड्यात, उत्पन्नाच्या अटीवर मोफत उपचार, सरकारी-खासगी दवाखान्यात अडथळ्याविना वावर आणि तपासणीत अग्रक्रम. 'घराजवळ' हा शब्द कायद्यात आहे, जतच्या पूर्व भागात अजून पोचायचाय. त्यावर कुणी मेसेज फिरवत नाही.

काल पहिलं प्लास्टर झालं. बोटं निळी पडली किंवा सुजली तर लगेच आणा असं सांगितलंय, म्हणून वहिनी तासातासाला ती बघते. मेसेज टाकणाऱ्या काकांनी तो अजून पुसलेला नाही.