नवोदितांसाठीचं दार बंद करू नका

दिवाळी अंकासाठी आलेल्या कथांचं पहिलं वाचन मी करते. यंदा काही कथा हातात घेतल्या की वाचवत नाहीत; त्या चॅटजीपीटीसारख्या यंत्राकडून, म्हणजे 'एआय'कडून, लिहून घेतल्यासारख्या वाटतात. शुद्धलेखन चोख, एक शब्द इकडचा तिकडे नाही, पण सगळी कथा वाचून झाली तरी त्यात माणूस सापडत नाही. परवाच्या एका कथेत चारा छावणीत बसलेली माणदेशातली म्हातारी सुनेला म्हणते, "जीवन हा एक संघर्ष आहे, आशा सोडू नकोस." अहो, छावणीतली म्हातारी आधी म्हशीला पेंड मिळाली का ते विचारेल!

नावाजलेल्या लेखकांची मला फार चिंता नाही, त्यांच्या नावावर अंक खपतात. माझा जीव तुटतो तो पहिल्यांदाच कथा पाठवणाऱ्यासाठी.

'क्लार्क्सवर्ल्ड' हे अमेरिकेतलं विज्ञानकथांचं मासिक. तिथे कुणीही कथा पाठवू शकतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथांचा असा लोंढा आला की संपादक नील क्लार्क यांनी २० तारखेला कथा घेणंच थांबवलं. महिना संपायच्या आत ५००हून जास्त जणांवर बंदी घालावी लागली होती. मार्चमध्ये त्यांनी पुन्हा कथा घ्यायला सुरुवात केली, हा त्यांचा मोठेपणा.

आपल्याकडे काय होईल? काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे. ओळखपाळख नसलेल्या कितीतरी शिक्षकांचं, कारकुनांचं नाव पहिल्यांदा छापून आलं ते दिवाळी अंकातच. पण अंक निघतो दोन-तीन माणसांच्या जिवावर, जाहिरातींसाठी वणवण करत. त्यात असा ढीग येऊन पडला तर संपादक म्हणणार, "जाऊ दे, ओळखीच्यांकडूनच मागवू." काहींनी तसं बोलायला सुरुवातही केली आहे.

'तपासायचं सॉफ्टवेअर आहे की!' असं कुणी म्हणेल. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतः जानेवारी २०२३ मध्ये असं साधन आणलं. यंत्राने लिहिलेल्यापैकी जेमतेम २६ टक्के मजकूर त्याला ओळखता येत होता. जुलैत ते गुंडाळलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी ७ साधनं तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरवले गेले होते. म्हणजे जपून, साधं लिहिणाराच अडकतो. घरात वेगळी बोली असताना कष्टाने प्रमाण मराठी शिकलेल्या मुलीवर उद्या आपण हाच आळ घेणार का?

त्यापेक्षा फोन करा. ऊसतोडीवरची कथा पाठवणाऱ्या एका मुलाला मी फोन केला होता. आईने घेतलेली उचल, मुकादमाची भाषा, कोपीत शिरलेलं पावसाचं पाणी, पाचटाने कापलेले हात... कथेत नव्हतं तेही तो सांगत गेला. मनात शंकेला जागाच उरली नाही.

संपादकांनो, यंत्राची मदत घेतली असेल तर तसं कळवा, असं आवाहनात स्पष्ट छापा. लेखकाचा फोन नंबर मागा, निवडलेल्या प्रत्येकाशी बोला. वेळ जाईल, मान्य. पण 'नवोदितांनीही साहित्य पाठवावे' ही ओळ काढू नका.