हद्द कायम

आमच्याकडे मृग बसला की आधी धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध, सरकतो, मग पऱ्हाटी उगवते. ट्रॅक्टरवाला वळताना नांगराचा एक तास इकडे घेतो, वखरणीत आणखी थोडा धुरा जातो, आणि काही पावसाळे गेले की धुऱ्यावरची बाभूळ शेजारच्या वावरात उभी दिसते. बाभूळ तर चालली नाही. चाललं कोण, हे ठरवायला मोजणी लागते.

आमचे शेजारी म्हणजे चुलत काकाजीच. मी म्हटलं, "काकाजी, तुमचा धुरा आमच्या तुरीत आला." ते म्हणाले, "बाबू, तुही तूरच माह्या धुऱ्यावर चढली." यापुढे बोलणं शक्य नव्हतं. मी अर्ज घेतला.

अर्जातला पहिलाच रकाना: मोजणीचा प्रकार. माणसानं एवढे प्रकार पोह्यांचेही केले नसतील. हद्द कायम म्हणजे आपली शीव जागेवर दाखवून मागणं. भावाभावांत वाटणी झाली की पोटहिस्सा. सातबारावर नावं वेगळी लागली म्हणजे वावर वेगळं झालं असं अर्ध्या गावाला वाटतं, पण नकाशात तो गट आज्याच्या काळासारखाच अखंड झोपलेला असतो. बिनशेतीची मोजणी रोडला लागून वावर असलेल्यांची. ते लोक हल्ली एकराची भाषाच विसरलेत, स्क्वेअर फुटात बोलतात. कोर्टातून येणारी मोजणी वेगळी. तिच्यात वावरापेक्षा वकील जास्त मोजले जातात. आणि भूसंपादनाची संयुक्त मोजणी. समृद्धी महामार्गाच्या वेळी ती वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाण्यात गावोगाव झाली. एरवी ज्या विहिरीला लोक कोरडी म्हणून शिव्या घालतात, मोबदल्याच्या यादीसाठी तिचं त्या दिवशी काय कौतुक!

प्रकार ठरला की घाई ठरवायची. पूर्वी साधी, तातडी, अतितातडी आणि वर अति-अतितातडी अशी चढती भाजणी होती. डिसेंबर 2024 पासून दोनच उरल्या: नियमित आणि द्रुतगती. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमितला 2000 रुपये, द्रुतगतीला 8000. धुरा इतकी वर्षं सावकाश सरकत होता, मी तरी कशाला चौपट घाई करू? नियमित भरली.

मग लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्या. मोजणीच्या दिवशी ते तर आलेच, ज्यांचा लगतशी काही संबंध नाही तेही आले. भूकरमापक साहेबांनी काठीवर बसवलेला पांढरा डबा उभा केला. तो रोव्हर, उपग्रहाकडून जागा विचारतो. म्हाताऱ्या मंडळींना तो पटेना. साखळी कुठे आहे? 33 फुटांची साखळी आडवी-उभी टाकली की गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, हे त्यांना पाठ. काकाजी आभाळाकडे बघून म्हणाले, "त्या उपग्रहाले का माहीत आपली बाभूळ?"

खरी पंचाईत दगडाची. जुना हद्दीचा दगड सापडेना. शेवटी काकाजींच्या घरच्या एका पोरानं बोट दाखवलं. दगड होता, पण त्याला शेंदूर लागला होता, समोर फुटलेला नारळ होता आणि त्याचा मुंजोबा झाला होता. तो कधी झाला आणि कोणी केला, यावर अख्खं शिवार गप्प. डब्यानं हिशेब करून सांगितलं की मुंजोबा नकाशातल्या रेघेपासून चांगला दोन पावलं माझ्या वावरात आलाय.

"मग हलवा दगड," मी म्हटलं.

"दगड हालवता येते," काकाजी म्हणाले, "देव नाई."

साहेबांनी खुंट्या रोवल्या, पंचनामा लिहिला, जबाबाचा कागद पुढे केला. काकाजींनी चष्मा लावून तो वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली आणि सही केली नाही. सही केली की कबूल केल्यासारखं होते, म्हणे. साहेबांना हे रोजचंच असावं. ते शांतपणे म्हणाले, मोजणी मान्य नसेल तर निमताना टाका, वरचे अधिकारी येऊन पुन्हा मोजतील.

त्या शब्दानं काकाजींच्या तोंडावर जे तेज आलं, ते त्यांच्या थोरल्याच्या लग्नातही नव्हतं. संध्याकाळी आमच्या अंगणात आले. मी चहा सांगितला. घोट घेऊन म्हणाले,

"काहून बे, त्या निमतान्याले फी किती पडते?"

"ऑफिसात विचारा लागते."

"सकाऊन चाललाच असशील तालुक्याले, त मले बी घेऊन जा गाडीवर. अन् तो अर्ज तुनंच लिहून दे. तुहं अक्षर चांगलं हाये."