ऑझिमँडियसला एकट्या शेलीच्या हवाली करू नका

जगात कुठे एखाद्या हुकूमशहाचा पुतळा पडला की दोन तासांत इंग्रजी कवी शेलीची 'ऑझिमँडियस' ही कविता फिरायला लागते. वाळवंटात उभे दोन दगडी पाय, शेजारी वाळूत अर्धा रुतलेला चेहरा, चौथऱ्यावर गर्वाची ओळ आणि भोवती नुसती वाळू. मला ही कविता मनापासून आवडते. चौदा ओळींत सत्तेची एवढी उलटतपासणी फार थोड्यांना जमली आहे. पण या कवितेने एक खरा माणूस आणि त्याचा अख्खा काळ झाकून टाकला, असं माझं ठाम मत झालं आहे.

ऑझिमँडियस म्हणजे रामसेस दुसरा. इ.स.पू. १२७९ ते १२१३, म्हणजे तब्बल ६६ वर्षं त्याने इजिप्तवर राज्य केलं. चौथऱ्यावरची ओळ शेलीने हवेतून काढलेली नाही. इ.स.पू. पहिल्या शतकातला ग्रीक इतिहासकार डायोडोरस ती नोंदवतो. तिचा आशय असा: मी राजांचा राजा ऑझिमँडियस, माझी थोरवी कोणाला जाणायची असेल, तर त्याने माझ्या एखाद्या कामावर मात करून दाखवावी. हे आव्हान आहे. 'माझी कामं बघा आणि हताश व्हा' हा सूर शेलीचा.

कविता छापून आली जानेवारी १८१८ मध्ये. होरेस स्मिथ या मित्राशी चढाओढ लावून लिहिलेली. स्मिथची कविताही त्याच नियतकालिकात पुढच्या महिन्यात आली, आज ती फारशी कोणी वाचत नाही. त्याच सुमारास रामसेसचा सव्वासात टनांचा दगडी अर्धपुतळा इंग्लंडच्या वाटेवर होता. बेल्झोनी नावाच्या इटालियन माणसाने, जो आधी सर्कशीत ताकदीचे खेळ करायचा, तो १८१६ मध्ये नाईलकाठच्या रामेसियम या रामसेसच्याच देवळातून माणसं लावून ओढत नदीपर्यंत आणला होता. ब्रिटिश म्युझियममध्ये तो पोचला कविता छापून झाल्यावर, म्हणजे लिहिताना शेलीने तो पाहिलेला नव्हता. त्या चेहऱ्याचा फोटो जरूर बघा. कवितेत ओठ तुच्छतेने मुरडलेले आहेत, हुकमत गाजवणारे. दगडातला रामसेस मात्र तरुण आहे, शांत आहे, आणि किंचित हसतो आहे.

आणि ती वाळू? रामेसियम नाईलच्या पश्चिम तीरावर, शेतीच्या अगदी कडेला आहे. तिथे अस्वानच्या ग्रॅनाइटचा एक महाकाय पुतळा आजही कोसळून पडला आहे, पण हाकेच्या अंतरावर पिकं उभी आहेत. 'बाकी काही उरलं नाही' हे तर रामसेसच्या बाबतीत सपशेल चूक. इजिप्तमध्ये त्याच्याइतकं मागे ठेवून गेलेला दुसरा राजा दाखवणं अवघड. अबू सिंबेलचं त्याचं देऊळ अस्वानच्या धरणात बुडू नये म्हणून जगाने १९६४ ते १९६८ मध्ये ते कापून ६५ मीटर उंच नेलं. आपलं नाव तो दगडात इतकं खोल कोरायचा की नंतर कोणाला ते सहज खोडता येऊ नये. इतरांच्या पुतळ्यांवरही त्याने स्वतःचं नाव घातलं. गर्विष्ठ होताच, त्यात वाद नाही.

पण तो स्वतः कवितेचा विषय शेलीच्या तीन हजार वर्षं आधीच झाला होता, आणि तेही स्वतःच्या आज्ञेने. इ.स.पू. १२७४ च्या सुमारास सीरियातल्या कादेशला त्याची हिटाइटांच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या तेव्हाच्या बलाढ्य सत्तेच्या, राजा मुवातल्लीशी गाठ पडली. दोन हेरांनी थाप मारली की शत्रू दूर अलेप्पोला आहे. रामसेसने विश्वास ठेवला, एक तुकडी घेऊन पुढे गेला आणि घेरला गेला. शत्रू कादेशच्या मागेच दबा धरून बसला होता. कसाबसा निभाव लागला. कादेश शेवटी हिटाइटांकडेच राहिलं. तरीही या लढाईचं काव्य त्याने कर्नाक, लक्सर, अबिडोसच्या देवळांच्या भिंतींवर विजय म्हणून कोरून घेतलं.

प्रचार म्हणून सोडून द्यावं, तर त्या काव्यात मध्येच खरा माणूस बोलायला लागतो. सैन्य पळालं, मी एकटा पडलो, असं म्हणत तो आमून देवाला हाका मारतो: मी तुझ्यासाठी एवढं केलं, आता तू कुठे आहेस? पुढे आपल्या सरदारांना तो सुनावतो की तुमच्यापैकी कोणी आलं नाही, माझे दोन घोडे, सारथी मेन्ना आणि घरचे सेवक एवढेच सोबत होते. आणि म्हणतो, राजवाड्यात असेन तेव्हा या घोड्यांना रोज मी स्वतःच्या हाताने चारा घालीन. ही ओळ वाचताना मला दरवेळी भरून येतं.

पुढे इ.स.पू. १२५९ च्या सुमारास याच हिटाइटांशी त्याने तह केला. त्याची इजिप्ती प्रत कर्नाकच्या भिंतीवर आहे आणि हिटाइटांकडची मातीची पाटी १९०६ मध्ये तुर्कस्तानात सापडली. दोन्ही बाजूंची प्रत हाती आलेला एवढा जुना शांतता करार ही किती मोठी गोष्ट आहे! त्यात एक कलम आहे: पळून आलेल्यांना परत पाठवलं तर त्यांना शिक्षा करायची नाही, त्यांच्या घरादाराला आणि बायकामुलांना हात लावायचा नाही. कादेशची बढाई मारणाऱ्या राजाचंच हे काम आहे. त्याचा हिशोब करताना दोन्ही धरा, एवढंच माझं म्हणणं.

मला सगळ्यात जवळची वाटते ती मात्र राजाची वस्तू नाही. देर अल-मदिना या गावात शाही थडगी खोदणारे कारागीर राहायचे. रामसेसच्या ४०व्या वर्षातलं त्यांचं मस्टर चुनखडीच्या एका तुकड्यावर शिल्लक आहे. चाळीसेक माणसांची नावं, समोर खाड्यांच्या तारखा काळ्या शाईत आणि वर कारण तांबड्या शाईत. एकाला विंचू चावला. एकाचे डोळे आले. कोणी आईचं प्रेत गुंडाळत होता, कोणी घरी बिअर गाळत होता. कारण लिहिलं की खाडा मांडला गेला, आणि माणूस पुन्हा कामावर.

याच गावातल्या एका पपायरसवर, रामसेस नावाच्या राजांच्याच काळातली, जुन्या लेखकांवरची एक रचना आहे. तिचा आशय असा की त्यांनी धातूचे पिरॅमिड बांधले नाहीत, त्यांची घरं-थडगी ढासळली, त्यांचे पुजारीही गेले. पण त्यांच्या लेखनामुळे त्यांचं नाव अजून घेतलं जातं. राजाची थडगी ज्या वस्तीतून खोदली जात होती, तिथल्या घरात हे वाचलं जात होतं. दगड टिकत नाही हे कळायला इजिप्तला १८१८ च्या लंडनची वाट बघावी लागली नव्हती.

माझ्या मित्रयादीत इंग्रजी शिकवणारे बरेच आहेत, त्यांना कळकळीची विनंती. शेली शिकवाच, पण त्याच आठवड्यात कादेशच्या काव्यातला घोड्यांचा भाग आणि या लेखकांवरच्या ओळी वर्गात वाचून दाखवा. त्यांचे चांगले इंग्रजी अनुवाद मिळतात. कोणी मराठीत करायला घेणार असेल तर मी टायपिंगपासून मुद्रितशोधनापर्यंत पडेल ते काम करायला तयार आहे. मस्टरचा तो दगड ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, क्रमांक ईए ५६३४. त्यांच्या वेबसाइटवर फोटो दिसतो, तो मोठा करून मुलांना दाखवा आणि तांबड्या शाईतल्या कारणांचा अनुवाद मुलांकडूनच वाचून घ्या.