‘बिनपगारी शिक्षिका’ या शब्दाबद्दल, गुरुजींना

गुरुजी, नमस्कार.

घरशाळेच्या वेळापत्रकावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली. उत्तर लगेच दिलं नाही. त्या रात्री जे लिहिलं असतं ते आज इथे ठेवायची मला लाज वाटली असती.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गुरुजी आपल्याच जिल्ह्यात प्राथमिक शाळेवर ३६ वर्षं शिकवून निवृत्त झालेत. त्यांचं म्हणणं असं की मुलांना घरी शिकवणं कायद्यात बसत नाही, आमच्यासारख्यांमुळे वाडीवरच्या शाळांचा पट घसरतो, मुलांना चारचौघांत वावरायची सवय राहत नाही, आणि भरतीच्या वेळेबद्दल मी चुकीचं लिहिलंय. शेवटी हे वाक्य: ‘तीन वयांची तीन मुलं एकटी आई शिकवू शकत नाही, म्हणून तुम्ही तेरा वर्षांच्या पोरीला बिनपगारी शिक्षिका करून ठेवलंय आणि त्याला छान नाव दिलंय.’

तुमचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करते. भरती रोज साधारण पाऊण तास उशिरा येते. मी ‘लवकर’ लिहिलं होतं. दापोली तालुक्यात, पुळणीपासून, म्हणजे समुद्राच्या वाळूपासून, हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या बाईने ही चूक करायला नको होती. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

कायद्याचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, ६ ते १४ वयासाठी. त्यातल्या कलम १० मध्ये मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, हे मला माहीत आहे. पालकांना शिक्षा सांगणारं कलम त्यात नाही, हे तुम्हालाही माहीत असेल. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावीला बसायला १४ वर्षं पूर्ण लागतात, थोरलीची ती तयारी सुरू आहे. पटाबद्दल एवढंच, की आमच्या वाडीतली निम्मी घरं गणपती आणि शिमग्यालाच उघडतात. बिऱ्हाडं मुंबई-पुण्याला गेली त्याचा हिशोब माझ्या तीन मुलांकडे मागू नका. आणि चारचौघांत वावरायचं म्हणाल तर संध्याकाळी पाचनंतर पुळणीवर या. वाडीतली सगळी पोरं एकाच चेंडूमागे धावत असतात, त्यातली शाळेत जाणारी कोणती आणि घरी शिकणारी कोणती हे तुम्ही मला ओळखून दाखवा.

आता त्या वाक्याकडे येते.

मुद्दा मांडायला माझी कधीच ना नव्हती. थोरल्या भावंडावर भार पडतो का, हे तुम्ही विचारलं असतंत तर मी आनंदाने उत्तर दिलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत, ठरवून टाकलंत. आमच्याकडे अनोळखी माणूस आला तरी आधी पायरीवर पाणी मिळतं, मग तो ओटीवर बसतो, मग बोलणं होतं. तुम्ही थेट माजघरात शिरलात आणि माझ्या मुलीकडे बोट दाखवलंत. ‘करून ठेवलंय’ म्हणजे काय, गुरुजी? ती काय दावणीला बांधलेली आहे? ३६ वर्षं मुलांना शिकवलेल्या माणसाच्या हातून एका मुलीबद्दल हा शब्द लिहिला जातो, याचं मला जास्त वाईट वाटलं. लेख पूर्ण वाचला असतात तर वेळापत्रकाचा भाग दिसला असता. वाचला नाहीत असं मी धरून चालते, कारण वाचून लिहिलं असेल तर मग माझ्याकडे बोलायलाच काही उरत नाही.

म्हणून पुन्हा लिहिते. थोरली तेरा वर्षांची, मधला नऊचा, धाकटा पाचचा. सकाळी साडेआठला पाऊण तास तिघं एकत्र: गोष्ट, नकाशा किंवा त्या दिवशी जे हाताला लागेल ते. मग धाकटा आजीजवळ. आजी त्याला भिजवलेले वाल सोलायला बसवते, त्यात त्याची शंभरापर्यंत मोजणी झाली. साडेनऊ ते अकरा थोरलीचा दार लावलेला तास. त्या वेळात तिला कोणी हाक मारायची नाही, पाणी आणायला सांगायचं नाही, दारावर कोण आलंय ते बघायलाही नाही. आमच्या घरात फक्त तिच्यासाठी असलेला हा नियम आहे आणि तो मोडला म्हणून मी माझ्या नवऱ्याशी भांडलेली आहे. मधला त्या वेळात माझ्याजवळ असतो. दुपारी जेवणं झाली की मंगळवार, गुरुवार आणि शनिवार थोरली मधल्याला गणित शिकवते. पंचवीस मिनिटं. आठवड्याला सव्वा तास. मी घड्याळ लावून बसते, कारण पंचविसाची चाळीस कधी होतात ते घरात कोणाच्या लक्षात येत नाही.

आमचं वर्षही शाळेसारखं नाही. मार्चच्या मध्यापासून मेअखेर आंबा, तेव्हा अभ्यास नावाला. जुलैत लावणीचे आठ-दहा दिवस वह्या बंद. पण एकदा पावसाने जोर धरला, होड्या वर ओढल्या गेल्या, लाईट गेली, की खरी शाळा तेव्हा भरते. कौलांवर इतका आवाज असतो की मोठ्याने वाचता येत नाही, मग तिघं तीन कोपऱ्यांत आपापलं लिहीत बसतात. एक आई तीन वयं शिकवू शकत नाही म्हणता, आणि तुम्ही स्वतः वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एका भिंतीला आणि तिसरी-चौथी दुसऱ्या भिंतीला बसवून वर्षानुवर्षं शिकवलंत! चौथीतल्या मुलाला पहिलीतल्या पोराची पाटी बघायला तुम्ही कधीच सांगितलं नाहीत? मी अशाच शाळेत शिकले. आमच्या गुरुजींनी मला सांगितलं होतं, आणि पाढे मला त्यामुळेच पक्के झाले.

खरं सांगायचं तर ‘बिनपगारी’ हा शब्द मला का झोंबला, ते वेळापत्रकात नाही.

मी स्वतः थोरली. चार भावंडांत पहिली. बाबा मुंबईला, वर्षातून दोनदा घरी येणार. सातवी वाडीच्या शाळेत झाली, हायस्कूल पाच किलोमीटरवर, मधे पऱ्या, म्हणजे ओढा. १९९४ च्या श्रावणात आई आजारी पडली आणि अंथरुणाला खिळली. धाकटा भाऊ दोन वर्षांचा. मी घरी राहिले. आधी म्हणाले आठ दिवस, मग म्हणाले गणपतीपर्यंत, मग कोणी काही म्हणेनासं झालं. सकाळी मुली दप्तरं घेऊन आमच्या गडग्यावरून जायच्या तेव्हा मी भावाला कडेवर घेऊन आत वळायचे, त्यांनी हाक मारू नये म्हणून. दीड वर्ष. त्या दीड वर्षात तुला काय हवंय असं मला एकाही माणसाने विचारलं नाही, चांगल्या माणसांनीही नाही. दहावी पुढे १७ नंबरचा फॉर्म भरून दिली, एकोणिसाव्या वर्षी, माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान पोरींच्या बाकावर बसून.

तेव्हा बिनपगारी पोर म्हणजे काय, ते मला कोणी शिकवू नये. तुम्हीसुद्धा नाही.

बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. आपल्याच किनाऱ्याचं ते वरचं टोक. मोठ्या मुली शाळेत का येत नाहीत हे त्यांनी बघितलं, तर त्यांच्या कडेवर भावंडं. मग पाळणाघर, बालवाडी आणि शाळा त्यांनी एका जागी आणली. गुरं राखणारी पोरं येत नाहीत, तर कुरणावर शाळा नेली. मी हे वाचलं तेव्हा माझी थोरली पोटात होती आणि मी स्वयंपाकघरात बसून रडले होते. भावंडाला दूर करून मुलगी शिकेल असं त्या बायकांना वाटलं नाही. भावंडासकट तिला शिकता यावं, याची त्यांनी सोय केली. माझ्या घरात मी तेवढंच करायचा प्रयत्न करते आहे.

आणि शिकवण्यातून तिला काय मिळतं म्हणाल, तर तुम्ही माझी जी चूक काढलीत तिथलंच सांगते. भरतीची वेळ काढायचा आपल्याकडचा हिशोब तुम्हाला ठाऊक असणारच: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. मधल्याला पाऊणपट काही केल्या कळेना. थोरलीने मागच्या दारातून आठ करवंट्या आणल्या, चार-चारचे दोन ढीग लावले, प्रत्येक ढिगातली एक उचलून बाजूला ठेवली. ‘उरल्या किती?’ सहा. त्याने स्वतः चतुर्थी करून बघितली, मग आणखी चार आणून द्वादशी. धाकटा काढलेल्या करवंट्या एकावर एक रचत होता.

मग मधल्याने पंधरा करायला घेतले, आणि करवंट्या पुरेनात म्हणून हिशोब कागदावर आला. सव्वाअकरा. तो म्हणाला, ‘पण अमावास्येला बाराच्या आसपास असते ना?’ थोरली गप्प झाली. तिची पंचवीस मिनिटं संपली होती, मी उठ म्हटलं, ती उठली नाही. पाऊण तास गेला कुठे, हे तिला हवं होतं. बंदरावर मिळालेलं भरती-ओहोटीचं जुनं कोष्टक तिने काढलं, उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) आणि भांगाच्या (लहान भरतीच्या) वेळा उतरवून घेतल्या आणि दिवेलागणीला माझ्याकडे वही आणली. पंधरा तिथींत बारा तास पुढे जायचं, तर एका तिथीला ४८ मिनिटं पडतात, ४५ नाही. तीन मिनिटं रोज सुटतात, पंधरा दिवसांत त्यांचा पाऊण तास होतो. पाऊणपट ही तोंडी हिशोबासाठी सोपी केलेली आहे. हे तिला मी सांगितलेलं नव्हतं, मलाच माहीत नव्हतं. नऊ वर्षांच्या भावाला समजावताना तिच्या पायात जो काटा मोडला, तो तिने स्वतः काढला. या दुपारची मजुरी तुम्ही कशात मोजणार?

तुम्हाला वाईट वाटावं म्हणून हे लिहिलं नाही. काही ठिकाणी माझा आवाज चढलाय हे मला दिसतंय. तसाच राहू देते, कारण तुमचाही चढलेला होता आणि सुरुवात माझी नव्हती.

तुमची प्रतिक्रिया थोरलीने वाचली. मी दाखवली नव्हती, तिने स्वतःच उघडली. काल रात्री भांडी विसळताना मी तिला विचारलं, तुला असं वाटतं का गं? ती बराच वेळ ताट पुसत राहिली. मग म्हणाली, शिकवायला आवडतं, पण मंगळवार नको, मंगळवारी दुपारचा उजेड खिडकीतून थेट माझ्या चित्राच्या कागदावर येतो आणि नेमकं तेव्हाच उठावं लागतं. बाकीच्या दोन दिवशी आजी खिडकीत पाखडायचं सूप घेऊन बसते, तेव्हा काही वाटत नाही.

वर्षभर मंगळवार होता. ती काही बोलली नव्हती.

आजपासून मंगळवारचं गणित मी घेते. गुरुवार आणि शनिवार आहे तसे आहेत. हा बदल मी तिच्या सांगण्यावरून केलाय, गुरुजी, तुमच्या नाही.