टॉयलेट किती धरू?

सांगलीच्या गावभागातलं आमचं जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं, तेव्हा देवघर, स्वयंपाकघर, खोल्या हे सगळं अर्ध्या तासात उरकलं. इंजिनिअरसाहेब कागदावर रेघा मारत होते, आम्ही माना हलवत होतो. मग त्यांनी सहज विचारलं, "टॉयलेट किती धरू?"

"एक," नाना म्हणाले.

"पाच," चिरंजीव म्हणाले.

घरात माणसं सहा. आई, नाना, आम्ही दोघं, लेक आणि हे चिरंजीव. पाचच का, तर म्हणे आजी-आजोबा एक वाटून घेतील, त्यांचं लग्न झालेलं आहे. आमचंही झालेलं आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

नानांचा एकच मुद्दा होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. "माणसं तेवढीच, पोटं तेवढीच. संडास वाढवले म्हणून काय जास्त होणार आहे का?" त्यांच्या लहानपणी वाड्यात बावीस माणसं आणि परसाच्या टोकाला एक संडास. कुणाचं काही अडलं नाही.

"अडलं नाही कसं?" आई म्हणाली. "बायका पहाटे चारला उठायच्या, त्या काय भूपाळ्या म्हणायला?"

नाना गप्प झाले. तो परसातला संडास तेवढ्या लांब का होता, हेही ते कधी सांगत नाहीत. टोपलीचा होता. मागच्या बोळातून रोज कुणीतरी येऊन ती उचलून नेत असे, आणि वाड्यातल्या बावीस जणांपैकी एकालाही त्या माणसाचं नाव माहीत नव्हतं. आमच्याकडे 'जुनं ते सोनं' म्हणताना हा कोपरा तेवढा झाकून ठेवतात.

पण भांडण बावीस माणसांचं नव्हतं, सहा माणसांचंही नव्हतं. भांडण होतं सव्वासातचं. दिवसाच्या चोवीस तासांतले तेवीस तास आमच्याकडचा एकुलता एक संडास रिकामा असतो. दुपारी दोन वाजता तुम्ही आत जाऊन अख्खी कादंबरी वाचा, कुणी कडी वाजवणार नाही. पण सकाळी सात ते आठ या वेळात सगळ्या घराचं पोट एकमतानं वागतं. घरात दुसऱ्या कुठल्याच बाबतीत एवढं एकमत मी पाहिलेलं नाही. लेकीची कॉलेजची बस पावणेआठला, चिरंजीवांची शाळा आठला, माझं ऑफिस आणि नानांचा पेपर. पेपर साडेसहाला येतो आणि नानांबरोबर आत जातो. अग्रलेखापर्यंत पोचायला त्यांना वीस मिनिटं लागतात. निवडणुकीच्या दिवसांत अर्धा तास. मी खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर उभा. आतून पान उलटल्याचा आवाज येतो, तेव्हा अजून क्रीडा पान बाकी आहे एवढं कळतं.

ही सगळी कैफियत इंजिनिअरसाहेबांपुढे मांडली. ते म्हणाले, ऑफिसांसाठी नियम आहे. 25 पुरुषांमागे एक आणि 15 स्त्रियांमागे एक.

लेकीनं मोबाईल काढून हिशोब केला. "आई, आजी आणि मी. म्हणजे आम्हाला मिळून एक पंचमांश."

"आणि आम्हाला?" चिरंजीवांनी विचारलं.

"तुम्ही पंचविसात तीन. कडीपुरतं."

चिरंजीव इतिहासात शिरले. शाळेच्या सहलीत सिंधुदुर्गाच्या तटात त्यांनी शौचकूप पाहिले होते. "पहाऱ्यावरच्या मावळ्याला तट सोडून खाली उतरायला लागू नये म्हणून वरच सोय केली होती. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी अटॅच्ड होतं, आणि मला नाही?" यावर नानांकडेही उत्तर नव्हतं. महाराजांचं नाव निघालं की आमच्याकडे वाद संपतो.

खरं म्हणजे वाद आईनं संपवला असता, तिनं बोलायचं मनावर घेतलं असतं तर. कारण 2019 चा ऑगस्ट. आयर्विन पुलापाशी कृष्णा 45 फुटांवर गेली की धोक्याची पातळी. त्या वर्षी ती 57 च्या वर गेली. गावभागातली जुनी माणसं पुलाच्या आकड्यावरून आपल्या कुठल्या पायरीला पाणी लागणार ते सांगतात, नानाही सांगतात. त्यांनी सांगितलं, उद्या दुपारी उंबऱ्याला लागेल. पण पाणी उंबऱ्याची वाट बघत बसलंच नाही. ते पहाटे संडासातून आलं. आधी भांड्यात गुडगुड, मग काळं पाणी वर, मग मोरीच्या जाळीतून. नदी दाराशी पोचायच्या आधी गटारातून घरात शिरते, हे आम्हाला तेव्हा कळलं.

आम्ही सगळे माडीवर गेलो. धान्य वर होतं, गॅस वर होता, देव वर होते. संडास खाली होता. खिडकीतून बघावं तर चहूकडे पाणी, आणि एका तांब्याची सोय नाही. नाना घर सोडायला तयार नव्हते. वाडवडिलांनी सोडलं नाही, मी सोडणार नाही, वगैरे. नाव खिडकीखाली आली तेव्हाही ते हेच म्हणत होते. आई पदर खोचून म्हणाली, "उपाशी राहीन एक वेळ. पण हे कुठवर धरून ठेवू?" आणि पहिली उतरली. मग वाडवडिलांचा मुद्दा मागे पडला. पुढे मिरजेत नात्यातल्या एका घरी आमच्यासारखीच पुरातून आलेली चार बिऱ्हाडं आणि एक संडास. तिथे कॅलेंडरच्या मागे नंबर लिहून लावलेले असायचे. आमचा शेवटचा, कारण आम्ही शेवटी आलो.

तेव्हा वरच्या मजल्यावर संडास हवा, यावर मतदान झालंच नाही. खाली नुसतं पार्किंग, आणि बाहेरच्या चेंबरला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे गेलेलं परत यायचं नाही.

किती, हा प्रश्न मात्र होताच. शिवाय कुठे, हा नवा निघाला, कारण बायकोचे मामा आले. मामांना वास्तुशास्त्र येतं. ईशान्येला नको, तिथे देव. आग्नेयेला नको, तिथे अग्नी. घराच्या मध्यात नको, ते ब्रह्मस्थान. देवघराच्या वर नको, स्वयंपाकघराच्या वर नको, मुख्य दारासमोर नको, जिन्याखाली नको. जिन्याखालचं मला पटलं. मागच्या भाड्याच्या घरात जिन्याखाली होता आणि उठताना रोज डोक्याला पायरी लागायची. इंजिनिअरसाहेब मामा सांगतील तसं नकाशावर खोडत गेले. शेवटी जी जागा उरली, ती शेजाऱ्यांची होती.

"सोसायला शेजारी तयार असतील तर बघा," इंजिनिअरसाहेब म्हणाले आणि त्यांनी खोडरबर काढलं.

मग त्यांनी आपलं शास्त्र सांगितलं. त्यात देवादिकांऐवजी पाईप होते. खालच्या संडासाच्या डोक्यावरच वरचा यावा, म्हणजे एका डक्टमधून चार इंची पाईप सरळ खाली. इकडे एक, तिकडे एक असं केलं की आडवे पाईप, आडवा पाईप म्हटला की उताराची चिंता, आणि उतार चुकला की खालच्या खोलीच्या छताला ओल, पोपडे आणि आयुष्यभर वॉटरप्रूफिंगवाला. इंडियन भांडं हवं असेल तर तेवढ्यात स्लॅब फूटभर खाली सोडावा लागतो. ते आत्ताच सांगा, नंतर सांगाल तर दोन पायऱ्या चढून वर बसावं लागेल, सिंहासनासारखं.

"एकेक 4 बाय 8 चं धरलं," ते म्हणाले, "तर चार टॉयलेटचे 128 चौरस फूट."

बायकोनं मान वर केली. नव्या घरातलं तिचं स्वयंपाकघर 10 बाय 12 होतं. "म्हणजे करण्यापेक्षा काढायला जागा जास्त?"

अटॅच्डचा मोह मला होता. मोठ्या फ्लॅटात राहणारे मित्र ज्या सहजतेनं 'मास्टर बेडरूम' म्हणतात, तसं आपल्यालाही म्हणता यावं असं वाटत होतं. पण तीन खोल्यांना तीन अटॅच्ड काढून बघितले, तर घरात तीन संडास आणि पाहुण्याला एकही नाही. गणपतीत आत्या येते. रात्री दोन वाजता तिनं कुणाच्या खोलीचं दार वाजवायचं? आमच्या खोलीतून जायचं म्हटलं तर ती आधी बाहेर उभी राहून मोठ्यांदा खोकणार, मग अंधारात पलंगाच्या कडेनं "झोपा, झोपा" म्हणत जाणार, आणि येताना दिवा लावून विचारणार, "जागे आहात का रे?"

उलट जुन्या पद्धतीनं संडास वेगळा, न्हाणी वेगळी आणि बेसिन बाहेर काढलं, तर त्याच जागेत एकाच वेळी तिघांची सोय होते. एक आत, एक आंघोळीला, एक दात घासतोय. एकत्र केलं की लेक केस धुवायला शिरली म्हणजे तिघंही बाहेर. हे इतकं साधं गणित आहे, आणि तरी हल्ली सगळे दोन्ही एकाच खोलीत कोंबतात. का, तर हॉटेलात तसं असतं. हॉटेलात दोन माणसं असतात आणि त्यांना आठची शाळा नसते.

एवढं होऊनही चिरंजीव पाचावरून चारावर आणि लेक तीनवर अडली होती. तेव्हा बायकोनं कागद ओढून घेतला. "जेवढे हवेत तेवढे बांधा. फक्त ज्यानं मागितला त्यानं तो घासायचा. दर रविवारी. ब्रश आणि ॲसिडची बाटली मी देते. भांडं, फरशी, भिंतीच्या टाइल्स खांद्यापर्यंत आणि जाळीतले केस."

जाळीतले केस म्हटल्यावर लेकीचा चेहरा पडला. चिरंजीव म्हणाले, दोन चालतील. मग म्हणाले, खरं तर दीदीबरोबर एकात भागेल. माझा अटॅच्ड मी कुठे ठेवला होता, तो मला सापडेना.

"मी पहिल्यापासून एकच म्हणत होतो," नाना विजयानं म्हणाले.

"तुमचा तो एक चाळीस वर्षं कोण घासतंय?" आईनं विचारलं.

नानांनी पेपर वर धरला.

शेवटी असं ठरलं. पहिल्या मजल्यावर संडास, न्हाणी वेगवेगळी आणि बेसिन बाहेर. तेच बरोबर त्याच्या वर दुसऱ्या मजल्यावर. आणि आई-नानांच्या खोलीला जोडून एक, त्यात कमोड आणि भिंतीला धरायला दांडा, कारण आईचे गुडघे. म्हणजे तीन. आई-नानांचा घासायला मी. हे कधी ठरलं ते मला आठवत नाही, पण सगळ्यांना आठवतं. मामांनी पश्चिमेला तोंड नको म्हटलं तेव्हा त्यांना चहा दिला.

मग भांडी निवडायला दुकानात गेलो. ओळीनं मांडलेले कमोड, पांढरे, काळे, एक सोनेरी कडेचा. दुकानदार सांगत होता, हा ड्युअल फ्लश, छोटं बटण तीन लिटर, मोठं सहा. जुन्या टाक्यांना दहा-दहा लिटर लागायचे. नाना जन्मभर उकिडवे बसलेले. कमोडवर माणसाला जोर कसा येणार, हा त्यांचा जाहीर प्रश्न होता. आईनं त्यांना एकावर बसून तर बघा म्हटलं. ते काठी टेकत गेले, धोतर सावरून बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि आजूबाजूच्या गिऱ्हाइकांकडे बघत बराच वेळ तसेच राहिले. कुणीतरी फोटो काढला. काढणारी आमचीच लेक होती.

"कसं वाटतंय, आजोबा?" दुकानदारानं विचारलं.

नानांनी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं.

"पेपर ठेवायला जागा नाही ओ यात."

"आजोबा, हल्ली सगळे मोबाईल नेतात आत."

"मग पेपरला वेगळा संडास धरायला सांगतो इंजिनिअरला," नाना म्हणाले आणि फोनसाठी माझ्याकडे हात पुढे केला.